मातीचा कार्तिक

वांग्याचं बी मी एक महिना उशिरा पेरलं. विसरलो म्हणून नव्हे. भिंतीवरचं पंचांग उघडून, तिथी तपासून, आंघोळ करून, पूर्वेकडे तोंड करून पेरलं. निष्काळजीपणाने चुकणाऱ्याला लोक कधीतरी क्षमा करतात. मी काळजीपूर्वक चुकलो. त्याला आता पुष्कळ वर्षं झाली, पण अजून दिवाळी जवळ आली की आमची मंडळी, म्हणजे माझी बायको, आधी पंचांगाकडे बघतात आणि मग माझ्याकडे. बोलत काही नाहीत. त्या बोलून थकल्या आणि मी ऐकून.

ते बी माझं नव्हतं. आमच्या घरमालकांचं होतं. धारच्या दरबारात त्यांनी जमीन मोजणीचं काम केलेलं, म्हणून सगळे त्यांना अमीनसाहेब म्हणत. उंच, वाळके, गुडघ्यापर्यंत धोतर, अंगात बंडी आणि डोक्यावर सदोदित पागोटं. उन्हाळ्यात परसात काम करतानाही पागोटं उतरत नसे. देवळात गेले तर हात जोडत, पण मान वाकवत नसत. अमीन भारी ताठ आहे, असं पुजाऱ्याचं मत होतं. मलाही तसंच वाटे. पुढे कळलं की पागोट्याच्या आतल्या घडीत बियांची पुडी असते आणि मान वाकवली तर ती सांडेल अशी त्यांना धास्ती असते.

"डोक्यात ठेवलं की ओल लागत नाही," ते म्हणाले. "आणि विसरायला होत नाही. तुम्ही डोक्यात काय ठेवता, मास्तर?"

मी म्हटलं, "गणित."

"ते ओलं झालं तरी चालतं," ते म्हणाले आणि वाफा खुरपायला लागले.

मी साताऱ्याकडून देवासला गणिताचा मास्तर होऊन आलो होतो. देवास तेव्हा नवख्याला चक्रावून टाकायचं. गाव एक आणि राजे दोन. थोरली पाती आणि धाकटी पाती. कचेऱ्या दोन, शाळा दोन, रस्त्याच्या या अंगाला एकाचा अंमल, त्या अंगाला दुसऱ्याचा. पहिल्याच आठवड्यात मी सरळ दुसऱ्या पातीच्या शाळेत शिरलो, हजेरी घेतली आणि पाऊण तास अपूर्णांक शिकवले. पोरं निमूट शिकली. मग तिथले खरे मास्तर दारात येऊन उभे राहिले आणि खाकरले. घरी येऊन मी हे लाजत लाजत सांगितलं. अमीनसाहेब हसले नाहीत. म्हणाले, "अपूर्णांक बरोबर शिकवलेत ना? मग झालं. पण पाय ठेवण्याआधी जमीन कुणाची ते बघत जा."

हे वाक्य त्यांनी मला निदान वीस वेळा ऐकवलं असेल. मी त्यातलं एकदाही काही घेतलं नाही.

घराच्या मागे परस होतं. विहीर, सीताफळाचं एक झाड आणि काळ्या मातीचा एक तुकडा. तो तुकडा त्यांनी आपल्या जुन्या मोजणीच्या साखळीने आखलेला. वाफे इतके सरळ की त्यात उगवलेली मेथीसुद्धा ओळीने उभी राहून हजेरी देईल असं वाटावं. एकदा मी म्हटलं, एवढ्याशा जागेला साखळी कशाला? ते खाली बसले. थकले की ते असे मध्येच जिथल्या तिथे बसत.

"कुक्षीकडे ऊन डोक्यावर घेऊन बिघेच्या बिघे मोजले, मास्तर. सगळे दुसऱ्यांचे. भांडणारे दोघं दोन बाजूला उभे, आणि मी मधे साखळी ओढतोय. माझ्या वाट्याला आलं ते एवढं. तेही माझं नव्हे, आमच्या कुटुंबाचं. मग नीट मोजायला नको?"

त्यांचं कुटुंब, म्हणजे बाई, आम्ही यायच्या आधी तीन वर्षं वारलेलं. मूल एकच, मुलगी. ती धारला दिलेली. गेलेल्या बाईंविषयी ते फारसं बोलत नसत. बोलले की वांग्यांविषयी बोलत आणि त्यात त्या येत.

आल्यापासून मला परसाची हौस लागली. शिकवलेलं पोरांच्या डोक्यात उगवत नाही ते निदान मातीत उगवेल, असा काहीतरी विचार असावा. दुसरा वाफा आम्हाला द्या, म्हणून मी त्यांच्या मागे लागलो. त्यांनी लगेच दिला. मी विचारलं, "मग पेरायला सुरुवात केव्हा करू?"

"पुढच्या वर्षी."

"आणि यंदा?"

"यंदा बघा. पाणी कुठे साठतं, सीताफळाची सावली कुठवर सरकते, मुंग्या कुठून निघतात. एक वर्ष नुसतं बघायचं. नोकरीत नाही का, पहिलं वर्ष साहेबाचा स्वभाव बघण्यात जातं."

मी आठ दिवस बघितलं. नवव्या दिवशी, ऐन वैशाखात, ते बाहेर गेलेले बघून मेथी पेरली. खोल पेरली तर सुरक्षित राहील म्हणून चांगली वीतभर खोल. रोज दोन घागरी पाणी. पंधरा दिवस झाले, वाफ्यात भेगा पडल्या आणि भेगांतून काही डोकावेना. सोळाव्या दिवशी अमीनसाहेब वाफ्यापाशी आले, काठीने माती उकरली, चिमूटभर उचलून नाकाशी नेली आणि म्हणाले, "मास्तर, हे पेरणं नव्हे. हा दफनविधी आहे."

त्यांची स्वतःची परीक्षा वेगळीच होती. पेरणीचे दिवस जवळ आले की रोज दुपारी जोडा काढून अनवाणी वाफ्यात उभे राहत आणि अपूर्णांकांचे पाढे म्हणायला लागत. पावकी, मग निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. माती तापलेली असली की पावकीतच पाय उचलावा लागे. मग त्या दिवशी पेरणी नाही. जसजसा पावसाळा सरे तसतसे ते निमकीपर्यंत पोचत, सवायकीपर्यंत पोचत. ज्या दिवशी दिडकी पुरी म्हणून झाली आणि पाय सुखात राहिले त्या दिवशी माती तयार. "तळव्याला जे सोसवत नाही ते बियाला कसं सोसवेल?" त्यांचा प्रश्न. मी एकदा त्यांच्या शेजारी उभा राहिलो. मला अर्ध्या पावकीतच चटके बसले, आणि शिवाय पाऊणकी मधे अडली. गणिताचा मास्तर पाऊणकीत अडला, ही गोष्ट दोन्ही पात्यांत पोचायला एक दिवसही लागला नाही. आमच्या मागच्या वाडीत भाजी पिकवणारी माळीण ही बातमी भाजीबरोबर वाटत फिरली.

आता मुख्य गोष्ट. ती सांगायचा मला दरवेळी कंटाळा येतो, पण तिच्यावाचून हे सगळं लटकत राहील.

अमीनसाहेबांची वांगी कृष्णाकाठची होती. त्यांचं कुटुंब लग्न होऊन माळव्यात आलं तेव्हा ओच्याला बी बांधून आलं. लहान, गोल, पांढऱ्या रेघांची आणि अतिशय काटेरी. देठाला काटे, पानांच्या शिरांनाही काटे. इथली वांगी त्या बाईंना पाणचट लागत. पहिल्या वर्षी त्यांनी घरी जशी पेरत तशी पेरली आणि सगळी रोपं थंडीत गेली. दुसऱ्या वर्षी इथल्या कुणा म्हाताऱ्या माळणीने समजावलं, "बाई, अपना महिना देखो." कारण महिना इथला वेगळा. आपला दक्षिणी महिना अमावास्येला संपतो, माळव्याचा पौर्णिमेला. शुद्ध पक्ष दोघांचा बरोबर चालतो, पण वद्य पक्ष लागला की माळवा एका महिन्याने पुढे. आपल्याकडे अजून आश्विन वद्य असतं, दिवाळी यायची असते, आणि इथल्या माणसाच्या तोंडी 'कातिक वदी' आलेलं असतं. त्या वर्षीपासून बाईंनी ठरवून टाकलं, देवाला आणि पितरांना आपला महिना, मातीला इथला. माती इथली आहे, तिला आपलं पंचांग काय कळणार?

अमीनसाहेबांच्या घरात म्हणून दोन कार्तिक. इथल्या कार्तिक वद्य पंचमीला, म्हणजे दिवाळीच्या दहा दिवस आधी, वांग्याचं बी पेरायचं. पुढे योगायोग असा की त्या बाई वारल्या त्या आपल्या कार्तिक वद्य पंचमीला. बरोब्बर एक महिन्यानंतरची तिथी. तोवर रोपं चार बोटं झालेली असत. मग अमीनसाहेब सकाळी श्राद्ध करत आणि दुपारी तीच रोपं आळ्यांत लावत. बारा आळी, बारा रोपं. बाई इतकीच लावत असत म्हणून इतकीच. फळं धरली की उत्तम दोन वांगी झाडावरच पिवळी होऊ द्यायची आणि त्यांचं बी काढायचं. अर्धं बी पागोट्यात, पेरायला. अर्धं राखेत कालवून वाळक्या भोपळ्यात, चुलीवरच्या शिंक्याला, पुढच्या संकटासाठी.

हे सगळं मला माहीत होतं. त्यांनी अनेक वेळा सांगितलं होतं. पहिल्या वर्षी तर मी श्राद्धाला जेवायलाही होतो. खीर, वडे, आमटी. बघण्याचं वर्ष चालू होतं, आणि नेमकी ज्या दुपारी रोपं लावली त्या दुपारी मी पोट धरून घोरत पडलो होतो. माझ्या डोक्यात त्या तिथीचं जे उरलं ते इतकंच: कार्तिक वद्य पंचमी, वांगी आणि वडे.

पुढच्या श्रावणात उंदरांनी भोपळा कुरतडला. राखेसकट सगळं बी खाल्लं. त्याच सुमाराला अमीनसाहेबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. वाफ्याची कड दिसेना. एक दिवस विहिरीच्या काठाशी भलतीकडेच पाय टाकत होते, मंडळींनी ओरडून थांबवलं. धारच्या मुलीने निरोपावर निरोप पाठवले, इथे डॉक्टर आहे, या, डोळे करून घ्या. ते जायला तयार नव्हते. पेरणी तोंडावर होती.

"मी पेरतो की," मी म्हटलं.

ते माझ्या दिशेला तोंड करून बसले. मला नीट बघत नव्हते, कारण दिसतच नव्हतं. मग त्यांनी पागोटं उतरवलं. मी ते डोकं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पांढरं, लहान, केस नसलेलं, एखाद्या तान्ह्या मुलाचं असावं तसं. आतल्या घडीतून पुडी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. मग बोटांनी चाचपून माझी मूठ मिटवली.

"एवढंच उरलंय हो, मास्तर. भोपळ्यातलं गेलं ते तुम्हाला ठाऊक आहे. कार्तिक वद्य पंचमीला पेरा. मातीचा कार्तिक. आणि बरोबर महिन्याने, तिच्या तिथीला, आळ्यांत लावा. राहील ध्यानात?"

"अमीनसाहेब, मी गणिताचा मास्तर आहे."

"म्हणूनच विचारतो," ते म्हणाले.

खरं सांगतो, ते बोलत होते तेव्हा मी त्यांच्या डोक्याकडे बघत होतो. 'मातीचा कार्तिक' कानावर आला, पण आत गेला नाही. ते बैलांच्या दमणीत बसून धारला गेले आणि मी पुडी पंचांगामागच्या खुंटीला लटकवली. आमचं पंचांग पुण्याकडून आलेलं, दक्षिणी. मी त्यातली कार्तिक वद्य पंचमी शोधली आणि शाईने तिच्याभोवती गोल काढला. दिवाळी होऊन वीस दिवसांनी. वाटलं, बरं झालं, दिवाळीची सुट्टी मोकळी मिळाली.

दिवाळीच्या आठवडाभर आधी मागची माळीण कुंपणापाशी आली. तिचे वाफे हिरवे दिसायला लागले होते.

"कंई मास्टर साब, बा साब का बैंगण अबी तक नी बोया?"

मी म्हटलं, "हमारा कार्तिक अभी आया नहीं."

"जमीन तो यां की हे, मास्टर साब," ती म्हणाली आणि गेली.

मी मंडळींना म्हटलं, "अडाणी लोक. यांना पंचांग म्हणजे काय ते कळत नाही."

त्यानंतर दोन दिवसांनी धारहून पत्र आलं, जावयाच्या अक्षरात. डोळे झाले, बांधून ठेवले आहेत, हलायची मनाई आहे, आणि सासरे विचारतात की बी रुजलं का. मंडळी म्हणाल्या, "अहो, रुजलं का म्हणून विचारतात. म्हणजे पेरायला हवं होतं."

"म्हातारे झालेत," मी म्हटलं. "दुखण्यात दिवसांचा हिशेब राहत नाही माणसाला. भिंतीवर पंचांग आहे." आणि उत्तर लिहिलं: सर्व ठीक आहे, चिंता नसावी.

हे 'सर्व ठीक आहे' मी नंतरच्या आयुष्यात कुणालाही लिहिलेलं नाही.

पंचमी उजाडली. मी आंघोळ केली, पूर्वेकडे तोंड केलं आणि सगळं बी पेरलं. सगळं. अर्धं राखायचं असतं हेही मला ठाऊक होतं, पण पहिलीच बाग, वाटलं चांगली भरघोस येऊ दे. अनवाणी उभा राहून पाढेही म्हटले. माती इतकी गार होती की दिडकी संपवून अडीचकीही झाली असती. मला वाटलं, उत्तम लक्षण आहे.

तिसऱ्या दिवशी दुसरं पत्र आलं. तेही जावयाच्या अक्षरात, पण वाक्यं अमीनसाहेबांची. ती मी अजून विसरलो नाही, विसरायचा प्रयत्न पुष्कळ केला. 'आज तिची तिथी. श्राद्ध इथेच केलं. दुपार झाली, आता तुम्ही रोपं लावत असाल. माझे डोळे बांधलेले, म्हणून इथे खाटेवर बसून हाताने बारा आळी मोजतो आहे. पाणी सावकाश घाला. काटे जपा.'

मंडळींनी पत्र माझ्या हातातून घेतलं, वाचलं आणि परत दिलं. मग स्वयंपाकघरात गेल्या.

पुढचे दीड महिने मी जितकी मेहनत केली तितकी नोकरीतही केली नसेल. थंडीत बी उगवायला तयार नाही. वाफ्यावर पेंढा घातला, कोमट पाणी शिंपडलं, शाळेतून येताना रोज एक वेळ गुडघ्यावर बसून बघितलं. कशीबशी सात रोपं वर आली, सुईत ओवावीत इतकी बारीक. माळीण कुंपणावरून म्हणाली, "पालो पड़ेगा तो बळी जायगा." माळव्यात पौषात दव गोठून झाडं भाजतात, त्याला पाला पडणं म्हणतात. मी घाबरलो. शाळेच्या अडगळीत हिंदुस्थानचा एक जुना, कापडाला डकवलेला नकाशा पडला होता. तो आणला आणि चार काठ्यांवर छपरासारखा ताणला. मंडळी म्हणाल्या, त्यापेक्षा माझं जुनं लुगडं घाला, हलकं असतं. मी म्हटलं, लुगड्याने काय होणार, नकाशा जाड आहे.

जाडच होता. एका पहाटे पाला पडला. नकाशाने सगळं दव पिऊन घेतलं, जड झाला, काठ्या वाकल्या आणि तो रोपांवर बसला. सकाळी विहिरीच्या डोणीत पाण्यावर बर्फाची साय होती. नकाशा उचलला तर दक्षिणेखाली चार रोपं चिरडलेली आणि उत्तरेखाली तीन, उकडल्यासारखी काळी. मी तिथेच ओल्या मातीत बसलो. मंडळी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आता शाळेचा नकाशा तरी वाळत घाला."

इथे माणसाने पत्र लिहून कबूल करावं. मी तसं केलं नाही. माघात अमीनसाहेब परत येणार होते. डोळ्यांवर हिरवी झापड होती, दिसायचं ते धुक्यातून दिसावं तसं, असं कळलं होतं. मी माळणीकडे गेलो आणि तिची बारा झाडं मागितली. फुलावर आलेली, काही फळं धरलेली.

"कंई करोगा?" तिने विचारलं.

मी काहीबाही सांगितलं. तिला कळलं. म्हणाली, "बा साब को हाथ लगाने दोगा तो पकड़ीज जाओगा." तरी दिली. मुळाशी मातीचे गोळे ठेवून मी ती बारा आळ्यांत लावली, ओळ साखळीने तपासली. दोन दिवसांत ती तिथेच जन्मल्यासारखी दिसायला लागली. मंडळींनी मला एकच विचारलं, "तुम्हाला झोप येते?" येत होती. तेही खोटं सांगत नाही.

अमीनसाहेब आले ते दुपारी. टांग्यातून उतरले, हातपाय धुतले आणि कुणी म्हणायच्या आत परसाकडे निघाले. मी हात धरायला पुढे झालो. "नको," म्हणाले, "इथली जमीन माझ्या पायांना ठाऊक आहे." डोळ्यांवर हिरवं कापड, डोक्यावर पागोटं. पहिल्या आळ्यापाशी उकिडवे बसले.

मी त्यांचा हात बघत होतो. तो सरळ झाडावर गेला नाही. बोटं आखडून, तळवा वर उचलून, हळूहळू खाली आला. पुष्कळ वर्षं टोचून घेतलेला माणूसच असा हात नेतो. बोट देठाला लागलं. काटा नव्हता. त्यांनी हात मागे घेतला, जणू चुकून शेजाऱ्याच्या दाराला हात लागला. मग पान चाचपलं, शिरेवरून बोट फिरवलं. काही नाही. गुळगुळीत.

ते सरकत दुसऱ्या आळ्याकडे गेले. पुन्हा तसाच हात, तसाच जपून. तिसरं. चौथं. मला वाटत होतं आता ओरडतील, आता काठी उगारतील. ते प्रत्येक झाडापाशी तितक्याच काळजीने बोटं नेत होते आणि प्रत्येक वेळी काटा येत नव्हता. सातव्या झाडापाशी त्यांनी जपणं सोडून दिलं. हात नुसताच ठेवला, सैल. तरीही बाराही झाडं झाली. बाराव्यापाशी म्हणाले, "पाणी बरं घातलंय."

मग विहिरीच्या काठावर जाऊन बसले. मंडळींनी पाण्याचं भांडं आणून दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांत धरून ठेवलं, प्याले नाहीत.

"केव्हा पेरलंत?"

"कार्तिक वद्य पंचमीला."

"कुठल्या?"

मंडळीच म्हणाल्या, "आपल्या."

त्यांनी मान हलवली. खूप हळू, एखादा जुना हिशेब जुळावा तशी. "तिच्या तिथीला पेरलंत," म्हणाले. "बरोबर. पहिल्या वर्षी तिनेही असंच केलं होतं. पण तिने अर्धं राखलं होतं."

मी सगळं सांगून टाकलं. नकाशा, पाला, माळीण, सगळं. सांगताना माझंच मला हसू येत होतं आणि हसताही येत नव्हतं. शेवटी म्हटलं, कृष्णाकाठी मी पत्र घालतो, त्यांच्या माहेरी, बी मागवतो.

"तिथे आता कुणी नाही," ते म्हणाले. "आणि असतं तरी ते तिथलं बी. हे इथल्या मातीला तीस वर्षांनी वळलं होतं." पागोटं उतरवून त्यांनी मांडीवर घेतलं आणि घडी उलगडून बोटांनी आत चाचपलं. काही चुकूनमाकून अडकलंय का, ते बघत असावेत. मग पुन्हा घडी घातली. फार थकलेले दिसत होते. ऊन सीताफळाच्या पलीकडे गेलं होतं.

काहीतरी चांगलं बोलावं म्हणून मी म्हणालो, "तुम्ही एवढ्या विश्वासाने माझ्या हातात दिलंत, अमीनसाहेब, आणि मी..."

"विश्वास कसला, मास्तर," ते म्हणाले. "तेव्हा मला दिसत नव्हतं. दिसत असतं तर तुमच्या हातात दिलं असतं होय?"